आवाजाला कुलूप

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत दहा-बारा कंपन्यांच्या गेटवर आजही मी बोलते. "सावधान. गॅसगळती झाली आहे. घाबरू नका. वाऱ्याला आडवे चाला." सायरन थांबला की जी बाई हे सांगते, ती मी. नोकरीतून निवृत्त होऊन मला दुसरं वर्ष लागलं, पण तो आवाज काही निवृत्त झालेला नाही. मागे रोह्याच्या बाजारात भेंडी निवडत होते. भाव विचारला, तर शेजारी उभा असलेला एक कामगार दचकून मागे सरला. म्हणाला, "ताई, तुमी बोललात की पळायला पायजेल असं वाटतं." मी म्हटलं, "पळू नकोस, आडवा चाल." भाजीवालीसकट सगळे हसले.

मी मूळची पेणकडची. वडील खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. दहावीनंतर आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मी धरून दोन मुली. लग्न होऊन रोह्याला आले आणि धाटावला साठेसाहेबांच्या गाळ्यात नोकरी धरली. गाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पोटमाळा. आम्ही कधी सहाच्या वर माणसं नव्हतो. तिथे आम्ही बोलणारे डबे बनवायचो. कंपनीच्या गेटवर इशारा देणारे, लिफ्टमध्ये मजला सांगणारे, वजनकाट्यावर "गाडी पुढे घ्या" म्हणणारे. आवाज द्यायला बाहेरून कोणी आणणं परवडत नसे, म्हणून साहेबांनी मलाच माईकसमोर बसवलं.

पहिल्यांदा त्यांनी लिहून दिलेलं वाक्य होतं, "वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात मार्गक्रमण करावे." मी वाचलं. मग म्हटलं, "साहेब, गॅस नाकात गेल्यावर माणूस काटकोन कुठे शोधत बसंल?" साहेब कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मग तुम्हीच लिहा." तेव्हापासून डब्यांची भाषा माझी.

या डब्यांच्या पोटात नखाएवढी एक चिप असते. आवाज तिच्यात साठतो. वीज गेली तरी तो जात नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिची एक खोड आहे, आणि माझ्या नोकरीची बरीच वर्षं ती खोड सांभाळण्यात गेली. या चिपवर लिहिलेलं शब्दाशब्दाने पुसता येत नाही. मिठागरात जसे बांध घालून वाफे केलेले असतात आणि एका वाफ्यातलं पाणी बदलायचं तर तो अख्खा वाफाच उपसावा लागतो, तसं इथे आहे. चिपमध्ये छोटे छोटे कप्पे असतात. पुसायचा तर पूर्ण कप्पा पुसायचा, मग नव्याने भरायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचा कप्पा असतो अनुक्रमणिकेचा. कुठलं वाक्य कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, याची यादी त्यात. नवीन वाक्य भरलं की ही यादी पुसून पुन्हा लिहिली जाते. काम डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळाचं. पण नेमक्या त्याच वेळी वीज गेली, तर जुनी यादी पुसलेली आणि नवी लिहायची राहिलेली. मग चिपमध्ये सगळं असतं, पण कुठे आहे ते चिपलाच माहीत नसतं.

म्हणून दोन गोष्टी करायच्या. यादी लिहून पुरी होईल एवढी वीज धरून ठेवणारा एक भाग सर्किटमध्ये घालायचा. आणि काम झालं की चिपला कुलूप लावायचं. हे कुलूप दिसत नाही. आमच्या हातातल्या एका यंत्राने चिपला सांगायचं असतं, की बाई, या रेषेच्या अलीकडचं आता कोणालाही पुसू देऊ नकोस. एकदा सांगितलं की ती आमचंही ऐकत नाही. कुलूप काढायचं तर सगळी चिप कोरी करावी लागते.

कुलपाची अक्कल आम्हांला एका कदमकाकांनी शिकवली. कदमकाका एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. सुरुवातीच्या काळात आम्ही डब्याच्या बाजूला रेकॉर्डचं बटण उघडंच ठेवायचो, कंपनीला वाक्य बदलायचं असलं तर सोय म्हणून. एक दिवस तिथे गॅसगळतीची रंगीत तालीम होती. सायरन वाजला. दोन-तीनशे कामगार मैदानात जमले. सेफ्टी ऑफिसर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. मी आणि साहेबही मुद्दाम गेलो होतो. सायरन थांबला आणि भोंग्यातून खणखणीत आवाज आला, "अगो, डब्यात आज परत दुधीच दिलास काय?"

कदमकाका आदल्या आठवड्यात बायकोशी फोनवर बोलत डब्याला टेकून उभे होते. कोपर बटणावर. माझी "सावधान" पुसली गेली आणि तिच्या जागी दुधी आला. मैदान हसून लोळलं. परतताना स्कूटरवर साहेबही हसत होते. मग एकदम म्हणाले, "खरी गळती असती तर?" दुसऱ्या दिवसापासून कुलूप लावल्याशिवाय एकही डबा गाळ्याबाहेर गेला नाही.

एक सोडून. तो हमीदभाईंचा.

हमीदभाईंचं कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, नटबोल्ट, नळाचं सामान, ताडपत्री. आमच्या डब्यांचे स्क्रू आणि क्लॅम्प त्यांच्याकडूनच यायचे, त्यामुळे ओळख जुनी. माणूस बोलका. गिऱ्हाईक वायसर मागायला आलं तरी त्याच्या घरच्या नळाची सगळी कथा ऐकून घेणार, आणि स्वतःच्या दोन सांगणार. मला ते "बाय" म्हणायचे.

मी निवृत्त होण्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. एका सकाळी ते आणि त्यांच्या पत्नी सकीनाभाभी रिक्षाने गाळ्यावर आले. हमीदभाईंचा आवाज बरेच दिवस घोगरा होता, ते मला माहीत होतं. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाय, घशात गाठ हाय. डॉक्टर म्हणतात, आवाजाची पेटीच काढावी लागंल. वीस दिवसांनी मुंबईला जायचंय."

मी त्यांचा पाण्याचा ग्लास पुन्हा भरून पुढे ठेवला.

"तर मला एक डबा बनवून दे. माझ्या आवाजात बोलणारा. दुकानात ठेवीन."

मी म्हटलं, "हमीदभाई, मोबाईलमध्ये पण करता येईल हे."

"मोबाईल?" त्यांनी आपला अंगठा दाखवला. ग्रीस आणि गंज मुरलेला, दोन बोटांएवढा जाड. "हा एक बटण दाबतो, तर तीन दाबली जातात. आन् चष्मा शोधीपर्यंत गिऱ्हाईक पूल ओलांडून जाईल. मला मोठी बटणं पायजेत. मोठा आवाज पायजे."

साहेबांनी पोटमाळ्यावरून जुनी पेटी काढून दिली. मी तिच्यावर चोवीस बटणं बसवली, बॅटरी घातली, मोठा स्पीकर लावला. हमीदभाईंनी वाक्यांची यादी खिळ्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून आणली. बावीस वाक्यं. "या, बसा." "अर्धा इंची का पाऊण?" "संपलंय, सोमवारी येईल." "हे टिकणार नाय, तुमाला खोटं सांगत नाय." "सकीना, चाय." "मला बोलता येत नाय पण ऐकू येतं, ओरडू नका." दोन बटणं त्यांनी रिकामी ठेवायला सांगितली. का, ते तेव्हा मी विचारलं नाही.

रेकॉर्डिंगला आम्ही पंखा बंद केला, शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला अर्धा तास ग्राइंडर थांबवायला सांगितलं. "या, बसा" पहिल्याच फेरीत झकास आलं. त्यानंतर मात्र हमीदभाई रेडिओवर बातम्या दिल्यासारखे बोलायला लागले. सकीनाभाभींनी कपाळाला हात लावला.

"असं कोन बोलतं? दुकानात कधी असं बोललात तुमी?"

"मंग कसं बोलतो मी?"

"माझ्यावर खेकसता तसं बोला."

ते हसले, आणि मग आवाज सुटला. पण त्यांचं समाधान होईना. त्यांनी डबा घरी नेला. रोज एखादं वाक्य पुन्हा भरायचे. मी त्यांना सांगून ठेवलं, "मुंबईला जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आणा. मी कॉपी काढते आणि कुलूप लावते." ते हो म्हणाले. पण हॉस्पिटलात पलंग तीन दिवस आधीच मिळाला आणि दोघं तसेच निघून गेले. डबा घरी कपाटात राहिला.

दीड-दोन महिन्यांनी ते परत आल्याचं कळलं. मी कुलूप लावायचं यंत्र पिशवीत टाकलं आणि संध्याकाळी अष्टमीला गेले. हमीदभाई वाळले होते. गळ्यावर पांढरा रुमाल. मला बघून डब्याचं बटण दाबलं. "या, बसा." स्वतःचाच घोगरा, हसरा आवाज. मी बसले. मग दुसरं बटण. "सकीना, चाय." आतून भाभी ओरडल्या, "ठेवलाय, ठेवलाय!" जणू काही झालंच नाही, असं घर चाललं होतं.

मी यंत्र काढलं. डबा तपासला आणि अडचण कळली. कुलपाची रेषा चिपमध्ये सुरुवातीपासून सरळ आखावी लागते. हमीदभाईंनी इतक्या वेळा वाक्यं बदलली होती, की ती पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत विखुरलेली. तिथल्या तिथे कुलूप लावायचं, तर सगळ्या चिपलाच लावावं लागणार होतं. रिकामी दोन बटणंही कायमची बंद.

त्यांनी वहीत लिहिलं, "पूर्ण बंद?"

"हो."

त्यांनी दोन रिकाम्या बटणांवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने लिहिलं, "गळ्यात वॉल्व बसवणार आहेत. मग परत बोलेन. इथे भरीन."

मी म्हटलं, "मग डबा दोन दिवस माझ्याकडे द्या. गाळ्यावर नेऊन सगळं बाहेर काढते, नीट ओळीत लावते आणि ही दोन सोडून बाकीच्यांना कुलूप लावते."

हमीदभाईंनी डबा आपल्याकडे ओढून घेतला. रागाने नाही. आपण बोलत असताना कोणी तोंडावर हात ठेवायला यावं आणि आपण मान मागे घ्यावी, तसं. दोन दिवस मुकं राहायचं म्हणजे काय, हे मी नुसतं कामाच्या हिशेबाने बोलून गेले होते.

तेव्हा मी हट्ट धरायला हवा होता. कदमकाकांचा दुधी मला पाठ होता. आणि आणखी एक गोष्ट फक्त मलाच माहीत होती. वीस दिवसांच्या घाईत वीज धरून ठेवणारा तो भाग या डब्यात घालायचा राहून गेला होता. पण मी म्हटलं, "बरं, बघू नंतर." चहा प्यायले आणि निघाले. कुंडलिकेच्या पुलावर आले तेव्हा पिशवीतलं यंत्र जड लागत होतं. आपण चूक केली, हे कळत होतं. तरी मागे वळले नाही.

पुढचे काही महिने डबा छान चालला. मी स्क्रू आणायच्या निमित्ताने जाऊन बघायचे. गिऱ्हाईकं सरावली होती. "हे टिकणार नाय" ऐकायला लोक मुद्दाम चुकीचा नळ मागत. डब्याचं काय करायचं ते मीही पुढे पुढे ढकलत राहिले.

मग एका सकाळी गाळ्यासमोर रिक्षा थांबली. हमीदभाई डबा छातीशी धरून उतरले, मागून सकीनाभाभी. डबा टेबलावर ठेवून त्यांनी एकामागून एक बटणं दाबून दाखवली. काहीच नाही. बावीसच्या बावीस मुकी.

भाभींनी सांगितलं ते असं. वॉल्व बसून पंधरा दिवस झाले होते. गळ्यावरच्या भोकाला बोट लावून, श्वास दाबून बोलायचं शिकायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी हमीदभाईंच्या तोंडून पहिल्यांदा एक शब्द बाहेर आला. खरखरीत, पण शब्द. त्यांना एवढा आनंद झाला, की लगेच रिकाम्या बटणावर तो भरायला गेले. बॅटरी उतरलेली होती. डब्यातून टक् असा आवाज आला आणि सगळं संपलं.

"रातभर चार्ज केला ताई, तरी नाय. आन् तेव्हापासून यांनी गळ्याला बोट लावलं नाय. मी म्हटलं प्रॅक्टिस करा, तर मान फिरवतात. म्हंजे हातातलं होतं ते पण गेलं आन् नवीन येत व्हतं ते पण."

काय झालं ते मला बघितल्याबरोबर कळलं. यादी पुसली जात असतानाच वीज गेली होती. मी आधी बॅटरी काढली. मग विचारलं, "त्यानंतर रेकॉर्डचं बटण कोणी दाबलं?"

भाभी हळूच म्हणाल्या, "मी दाबलं. सकाळी. चालू होतो काय बघायला. एकदाच."

यादी कोरी दिसली की चिप स्वतःला नवीकोरी समजते आणि पहिल्या कप्प्यापासून भरायला लागते. पहिल्या कप्प्यात जे होतं त्यावर भाभींचं काहीतरी लिहिलं गेलं होतं. दोन-चार वेळा दाबलं असतं तर आणखी बरंच गेलं असतं.

साहेब आतून आले. मी चिप रीडरला जोडली. चिप वाचताना काही बिघडत नाही, बिघडतं ते लिहिताना, त्यामुळे आता घाई नव्हती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जे असेल ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. यादी नसल्यामुळे कुठे काय, काही कळत नव्हतं. नुसती एक लांबच लांब पट्टी. मी ती पहिल्यापासून लावली.

आधी सकीनाभाभींचा आवाज आला. दुकानातला, वैतागलेला, रडवेला.

"या अल्ला, हे पण मुकं झालं!"

भाभींनी पदर तोंडाला लावला. पुढे थोडी खरखर. आणि मग, "अर्धा इंची का पाऊण?"

हमीदभाईंनी टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. भाभी रडत होत्या. साहेब उगाचच पंखा बंद करायला गेले, तो आधीच बंद होता.

पुढे दोन दिवस हमीदभाई माझ्या शेजारी बसून होते. मी पट्टीचा एक एक तुकडा ऐकवायचे, ते पुठ्ठ्यावरच्या यादीत बघून बोट वर करायचे. हे हवं, हे नको. कारण त्या चिपमध्ये बावीस वाक्यंच नव्हती. वाक्य नव्याने भरलं, तरी जुनं लगेच पुसलं जात नाही. यादीतून त्याचं नाव कापलं जातं एवढंच. ती जागा लागेपर्यंत ते तिथेच पडून राहतं. त्यामुळे हमीदभाईंनी नापसंत केलेलं बरंच काही तिथे सापडलं. खोकला. हसणं. "संपलंय, मंगळ... छे, सोमवारी." बाहेर ओरडणारा मच्छीवाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तुकडा लागला. सकीनाभाभी डबा घेऊन आल्या होत्या जेवणाचा, त्याही तिथेच होत्या. हमीदभाईंचा आवाज, पण दुकानातला नाही. खालच्या पट्टीतला.

"सकीना, हे बरोबर आलं काय? ...अगो, रडू नको. ते पण भरतंय यात."

तेवढंच. पुढे कप्पा संपला होता.

भाभींनी विचारलं, "हे कधीचं?"

हमीदभाईंनी वहीत लिहिलं, "मुंबईला जायच्या आदल्या दिवशी. मला वाटलं पुसलं गेलं."

भाभींनी तो तुकडा आणखी एकदा लावायला सांगितला. मी लावला. मग त्या उठून म्हणाल्या, "चला, जेवून घ्या, भाकरी गार होतेय," आणि आम्ही चौघांनी तिथेच टेबलावर कागद पसरून बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाल्ली.

बावीसपैकी एकवीस वाक्यं मिळाली. "या, बसा" मात्र गेलं. पहिल्याच फेरीत झकास आलं होतं म्हणून त्यांनी ते कधी बदललं नव्हतं. दुसरी प्रत नव्हतीच. मी सगळी पट्टी तीनदा धुंडाळली.

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हमीदभाई, चूक माझी आहे. मी त्या दिवशी कुलूप लावायला हवं होतं. मला माहीत होतं."

त्यांनी बराच वेळ वहीत लिहिलं. मग वही माझ्याकडे फिरवली. "तेव्हा कुलूप लावलं असतंस तर मी समजलो असतो की आता संपलं. तू नाय लावलंस म्हणून मी बोलायला शिकायला गेलो."

हे बरोबर होतं की त्यांनी माझं मन राखलं, मला अजून ठरवता आलेलं नाही. कामाच्या दृष्टीने चूक ती चूकच.

साहेब म्हणाले, "इकडचं 'या' आणि तिकडचं 'बसा' असं जोडून वाक्य बनवू. कोणाला कळणार नाही." हमीदभाईंनी मान हलवली. पहिल्या बटणावर बोट ठेवलं आणि मला खूण केली, आत्ता इथे जे आहे ते लाव. मी लावलं.

"या अल्ला, हे पण मुकं झालं!"

त्यांनी पुन्हा खूण केली. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. मग लक्षात आलं, ते हसत होते. पेटी काढलेल्या माणसाच्या हसण्याला आवाज नसतो. त्यांनी लिहिलं, "हेच राहू दे."

"अवो, काय हे!" भाभी ओरडल्या. "गिऱ्हाईकासमोर माझं रडगाणं?"

हमीदभाईंनी लिहिलेल्या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या.

मी सगळं नीट ओळीत लावलं. आधी भाभींचा ओरडा, मग एकवीस वाक्यं, आणि शेवटी दोन बटणांसाठी मोकळे कप्पे. मुंबईला जायच्या आदल्या दिवसाचा तुकडा वेगळा काढून भाभींच्या मोबाईलवर घातला. सगळ्याची एक कॉपी त्यांच्या मुलाला कतारला पाठवली, एक गाळ्यावर ठेवली. डब्यात तो राहिलेला भाग बसवला. रेषा आखली. जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ते.

"हमीदभाई, आता कुलूप लावते. रेषेच्या अलीकडचं मलाही बदलता येणार नाही. लावू?"

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि त्या जाड अंगठ्याने कीबोर्डवरचं बटण स्वतः दाबलं. तीन बटणं एकदम दाबली गेली, पण काम झालं.

डबा अजून चालतो. बॅटरी दोनदा बदलली. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी एका बाईचा हंबरडा ऐकू येतो, ते दचकतं, मग हमीदभाईंचं तोंड बघून हसतं आणि आपोआप बसतं. गाळा आता साहेबांच्या मुलीकडे आहे. नवीन डब्यांना कॉम्प्युटरने बनवलेला आवाज असतो, स्वच्छ, न खोकणारा. मला त्याचं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.

कुलूप लावल्यानंतर महिन्या-दीड महिन्याची गोष्ट सांगून थांबते. सकाळी गाळ्यात बोर्डाला सोल्डरिंगचे टाके घालत होते. फोन वाजला, सकीनाभाभी.

"ताई, बोलू नका. नुसतं ऐका."

त्यांनी फोन कुठेतरी ठेवला असावा. दुकानातले आवाज आले. लोखंडी पाइप पडल्याचा, रस्त्यावरच्या गाडीचा. मग एक खरखरीत आवाज, मध्ये मध्ये तुटणारा, श्वासासाठी थांबणारा. "चार... सांगितले. तीनच... आणलेस. चौथा... काय... पुलावरून... टाकलास?" कोणीतरी म्हणालं, "पुढच्या खेपेला आणतो ना, भाई." तर तो आवाज म्हणाला, "पुढच्या... खेपेला... काय? आन् हा... वाकलाय. हा... पन घेऊन... जा." दम लागला की थांबायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. पाइपवाल्याला हलू देत नव्हता.

भाभींनी फोन उचलला. "ऐकलंत? तासभर चाललंय. डबा बरा व्हता ताई. एका बटणात गप व्हायचा."

मागून तो आवाज म्हणाला, "कोणाशी... बोलतेस... गो?"

"तुमचं गाऱ्हाणं सांगतेय!" भाभी म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना, तिकडे पाइपवाल्याची सुटका होईना, आणि मी सोल्डरिंगचं काम बंद करून, फोन कानाला लावून नुसती ऐकत बसले.